न झालेल्या पिल्लांचं बुकिंग
आमच्या कुत्रीचं पोट दिसायला लागलं तेव्हा तिला पिल्लं होणार हे अख्ख्या गल्लीने ठरवून टाकलं. मला सोडून. आमच्या मल्हारगंज मोहल्ल्यात घरं इतकी खेटून की एकाच्या गच्चीवर बोललेलं चौथ्या गच्चीवर ऐकू जातं.

ती आठ वर्षांची. दीडेक महिन्यापूर्वी माजावर आली होती, तेव्हा मी तिला साखळीशिवाय उंबरा ओलांडू दिला नव्हता. हे घसा फोडून सांगितलं. आमच्याकडे राहायला आलेल्या नवऱ्याच्या आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "अगं, तू दुपारी झोपतेस ना, बस, तेव्हाच झालं असेल." म्हणजे दोष माझ्या झोपेचा.

मग जे दिसेल ते डोहाळ्यांत जमा. कुत्री बादलीत तोंड घालून पाणी प्यायची, तर "दोन जिवांची आहे, प्यास तर लागणारच." ओकली, तर "होतं असं." पोळीला तोंड लावेना म्हणून आत्याबाईंनी साजूक तुपातला शिरा केला. तिने हुंगलाही नाही, नवऱ्याने खाल्ला. डॉक्टरकडे नेऊ या म्हटलं, तर म्हणाला, "आत्याने खानदानभराची बाळंतपणं काढलीयत. फालतू टेन्शन नको घेऊ." कुत्र्यांची काढली होती का, हे ओठांवर आलेलं मी गिळलं. एव्हाना समोरच्या साडीवाल्याने नर बुक केला होता. शेजाऱ्यांनाही नरच हवा होता, त्यावरून दोघांची जुंपली. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी.

एका सकाळी ती उठलीच नाही. पोट टम्म, हिरड्या पांढुरक्या. कुणालाही न विचारता मी तिला रिक्षात घातलं. "पोटुशीला असं हलवू नये गं," म्हणत आत्याबाईही चढल्या.

सोनोग्राफीत एकही पिल्लू नव्हतं. गर्भाशयात पू भरला होता.

"बच्चेदानी का मुँह बंद है, इसलिए बाहर कुछ दिखा नहीं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जहर खून में जा रहा है, किडनी पे असर आ गया है. इसीलिए इतना पानी पी रही थी. आज ही ऑपरेशन करना पड़ेगा, फिर भी गारंटी नहीं. थोड़ा पहले ले आते."

मला कुणावर तरी जोरात ओरडायचं होतं. आत्याबाई शेजारीच होत्या, पण त्यांनी कुत्रीचा पंजा दोन्ही हातांत घट्ट धरला होता. मला ओरडताही आलं नाही, याचाच आणखी राग आला.

ती वाचली. पोटाला पट्टी बांधून घरी आणली, तर साडीवाला दारात हजर. "क्यों भिया, कितने हुए? अपना वाला पक्का है ना?"

नवरा काही बोलायच्या आत आत्याबाई पुढे झाल्या. "एक भी नहीं हुआ. ये बच गई हमारी, इसको देखो."

इतक्या दिवसांत आमच्या घरात पहिल्यांदा कुणी पिल्लांचं सोडून तिचं बोललं होतं.