तुळशीरामच्या सायकलीची खांदेमळणी

सोमवारी आमच्याकडं औत धरत नाहीत. नंदीचा वार. तुळशीराम सोमवारी मोटरपंपसुद्धा चालू करत नाही. विहिरीत पाणी आहे, लाइन आलेली आहे, वाफ्यातली वांगी माना टाकून पडली आहेत, आणि हा बांधावर बसून सांगतो, "जनावराले एक दिस आराम पाह्यजे." पंप हे जनावर आहे असं त्याला कोणी सांगितलं, देव जाणे. एकदा त्याच्या डोक्यात काही शिरलं की ते काढायला ब्रह्मदेव आला तरी चहा पिऊन परत जाईल.

मी भागवत. बुलढाण्याहून खामगावला जाताना बोथ्याचा घाट लागतो, त्या जंगलाच्या कडेला आमचं गाव आणि गावाच्या फाट्यावर माझं पंक्चरचं दुकान. तुळशीराम माझा शेजारी. माणूस सोन्यासारखा, पण त्याच्याशी पाच मिनिटं बोललं की मला पाणी प्यावं लागतं.

मागच्या हिवाळ्यात लंपीनं त्याचा एक बैल गेला. दुसऱ्यानं चारा सोडला आणि तोही गेला. तुळशीराम गोठ्यात बसून सगळ्यांदेखत रडला, आणि आता दावणीला दुसरी जोडी बांधणार नाही म्हणाला. उन्हाळ्यात त्याचा भाचा ऋत्विक पुण्याहून आला. शहरातल्या लोकांना जाड टायरच्या, बॅटरीवर चालणाऱ्या सायकली देऊन डोंगरात फिरवायचा त्याचा धंदा होता. धंदा बसला, तेव्हा त्यातली एक सायकल त्यानं मामाला आणून दिली. मामाचे गुडघे गेलेले, शेत टेकडीपलीकडं, जंगलाला लागून. भाच्याला वाटलं, मामाची सोय झाली. मामाला वाटलं, गोठ्यात जनावर आलं.

त्या दिवसापासून सायकल बैलाच्या खुंट्याला बांधलेली. गळ्यात दोरी, पोटाला चार्जरची वायर. सोमवारी सुट्टी.

या सायकलीचा आवाज होत नाही, आणि जंगलवाटेवर तोच मोठा धोका. मोटरसायकल लांबून ऐकू येते, जनावर बाजूला होतं. तुळशीराम मात्र भुतासारखा प्रकटायचा. पहिल्याच आठवड्यात तो वळणावर रोह्यांच्या कळपात घुसला. रोही म्हणजे नीलगाय, घोड्याएवढं धूड, बुजलं की नाकासमोर पळतं. एकानं तुळशीरामवरून उडी मारली आणि जाताना त्याची टोपी नेली. मग एका रानडुकरिणीनं, पिलं सोबत असल्यामुळं, त्याला टणटणीच्या झुडपात बसवून ठेवलं. एकदा उतारावरून सुटला तो थेट कोणाच्या तरी कुंपणाच्या झटक्याच्या तारेला भेटला, आणि दोन दिवस सगळ्यांशी फार नम्रपणे बोलत होता. चिल्हारीचे काटे तर रोजचेच, त्यावर माझं घर चाललं.

शेवटी त्यानं आपल्या बैलाची घुंगरमाळ काढून हँडलला बांधली. मग जंगलाला कळू लागलं की कोण येतंय, आणि जनावरं वाट सोडू लागली. मीसुद्धा ती माळ ऐकली की सोल्युशनची ट्यूब काढून ठेवायचो.

असा पोळा आला.

आमच्या पोळ्यात ओळ ठरलेली असते. तोरणाखाली पहिली जोडी पाटलांची, दुसरी तुळशीरामच्या घरची, तिसरी अर्जुनरावांची. एका पोळ्याला जागा रिकामी राहिली की ती कायमची गेली, मागचे पुढं सरकतात. तुळशीरामच्या घराला ना माडी, ना कोणाची नोकरी, ना सरपंचकी. होतं ते एवढंच, की वर्षातून एकदा अख्ख्या गावासमोर त्याचं घर दुसरं उभं राहायचं. ती जागा गेली असती तर हा माणूस मनानं खचला असता. हे मला दिसत होतं आणि त्याची दया येत होती, पण त्यानं त्यावर जो उपाय काढला तो ऐकून माझी दया आटली. सायकल उभी करायची म्हणाला.

मारुतीच्या पारावर बैठक भरली. अर्जुनराव गावातले वडीलधारे, त्यांचा शब्द चालतो.

"तुळशीराम, पोळा बैलाचा असते," ते म्हणाले. "सायकलीचा नसते."

"मी ते खुंट्याले बांधतो, आबा. रोज."

"खाते काय?"

"लाइट."

"शेन देते काय?" मागून कोणीतरी विचारलं.

"नाई देत," तुळशीराम प्रामाणिकपणे म्हणाला. "पन मारत बी नाई."

"आन् डवरा ओढते?" अर्जुनरावांनी विचारलं.

डवरा म्हणजे उभ्या पिकातलं तण काढायचं औत, ते बैलाशिवाय चालत नाही. इथं तुळशीराम अडखळला. "ते आमचं आमी पाहून घेतो," म्हणाला आणि टोपी सारखी करू लागला.

अर्जुनरावांनी शेवटी एक युक्ती काढली. बैलाचे सगळे नेम पाळायचे. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी, सकाळी उपाशीपोटी डोहावर आंघोळ, मग झूल आणि बाशिंग. एक नेम चुकला तर जागा गेली. त्यांना वाटलं, माणूस लाजून माघार घेईल. इतकी वर्षं एका गावात राहून त्यांना तुळशीराम कळला नव्हता.

खांदेमळणीला बैलाच्या खांद्यावर लोणी आणि हळद चोळतात. वर्षभर जू वाहून खांदा सोलवटलेला असतो. त्या संध्याकाळी तुळशीरामची बायको अन्नपूर्णाबाई लोण्याची वाटी घेऊन गोठ्यात आली, नवऱ्यासमोर वाटी ठेवली आणि न बोलता निघून गेली. ती तशी कमीच बोलते. त्या घरात बोलायची जागा भरलेली आहे.

तुळशीराम पळसाचं पान हातात घेऊन सायकलीभोवती फिरत होता. "भागवत, हिचा खांदा कोनता असंन बे?"

"मले काय माहीत?"

"जिथं जोर पडते तो खांदा." त्यानं विचार केला. "उतार उतरलो का हे चकत्या तापते. हात लावू देत नाई. मंग हेच दुखत असंन."

"भाऊ, ते ब्रेक हाय."

"ब्रेकाले आराम नको काय?"

आणि त्यानं दोन्ही चाकांच्या ब्रेकच्या चकत्यांना पावशेर लोणी, हळद घालून, मायेनं चोळलं. उरलेलं सीटला लावलं. मग बैलाच्या कानात सांगतात तसं हँडलच्या आरशाजवळ तोंड नेऊन म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मी घरी गेलो आणि पाणी प्यालो.

पुढचं जे घडलं ते तुळशीरामनं सांगितलेलं आहे. त्यातली रोही आणि वानरं दर वेळी वाढतात, पण अस्वल एकच राहतं, म्हणून मी अस्वलावर विश्वास ठेवतो.

पोळ्याच्या सकाळी तो सायकल घेऊन डोहावर निघाला. त्याचे बैल नेहमी टेकडीपलीकडच्या डोहातच धुतले जायचे, म्हणून सायकलही तिथंच. घुंगरमाळ त्यानं घरी काढून ठेवली होती, कारण आंघोळीआधी बैलाला शृंगार चढवत नाहीत. चढ नीट चढला. उतारावर त्यानं ब्रेक दाबले आणि सायकलीनं ते मनावर घेतलं नाही.

शेवाळलेल्या गोट्यांवरून तो खाली आला, वानरांच्या पंगतीतून गेला, कोळ्याची दोन जाळी तोंडावर घेतली. खाली वाट वळते, तुळशीराम वळला नाही. समोर एक वारूळ होतं आणि वारुळात डोकं खुपसून एक अस्वल वाळवी ओढत बसलं होतं. घुंगरू नाही, आवाज नाही, ब्रेक नाही. तुळशीराम मागून त्या अस्वलावर जाऊन आदळला.

आता सांगताना हसू येतं, पण अस्वल माणसाचं तोंड फाडतं. आमच्या भागात तशी माणसं आहेत. तुळशीराम गुडघे विसरून मोहाच्या झाडावर चढला. अस्वलालाही झाड चढता येतं हे त्याला वर गेल्यावर आठवलं. पण अस्वल वर आलंच नाही. त्याला लोण्याचा वास लागला होता. त्यानं सायकल आडवी केली, पुढचं चाक पंजानं फिरवलं आणि चकती चाटायला घेतली. एक बाजू झाली की दुसरी. मग मागचं चाक. मग सीट, आणि सीट चाटता चाटता खाऊनच टाकली.

झाडावर बसलेल्या तुळशीरामला एकच चिंता पडली होती. खांदेमळणीचं लोणी अस्वलानं चाटलं तर नेम मोडला का राहिला? आणि डोहाची आंघोळ अजून बाकी होती. त्यानं वरून सांगूनही पाहिलं, "अरे, तिचा उपास हाय." अस्वलानं वर बघितलं आणि पुन्हा चाटू लागलं. दुपार कलली तरी ते उठेना.

इकडं गावात ओळ लागली. बेगड लावलेली शिंगं, झुली, डफडं, पोळ्याची गाणी, म्हणजे झडत्या, म्हणून घसे बसलेले. पाटलांची जोडी पहिली, मग एक मोकळी जागा, मग अर्जुनरावांची जोडी. ऊन उतरायला लागलं. तुळशीरामचा पत्ता नाही. अर्जुनरावांनी दोनदा वाटेकडं पाहिलं. मग त्यांनी आपल्या बैलांचा कासरा पुढं ओढला.

तेवढ्यात अन्नपूर्णाबाई आली. अंगावर बैलाची झूल पांघरलेली. बायामाणसांतून वाट काढत ती पुढं गेली आणि मोकळ्या जागेत उभी राहिली. डफडं थांबलं.

"वैनी," अर्जुनराव हळूच म्हणाले, "तिथं बैल उभा राह्यते."

"मले माहीत हाय."

"मंग?"

"औंदा आमच्या पराटीत डवरा कोनं ओढला, आबा? मागून यायनं धरला, पुढून म्या ओढला. तुमचं वावर आमच्या बांधाले लागून हाय. तुमी पाह्यलं."

त्यांनी पाहिलं होतं. मीही पाहिलं होतं. दोरी खांद्यावर घेऊन, वाकून, कपाशीच्या ओळींतून, भर उन्हात. गावात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी तोंडातून शब्द काढला नव्हता. मला त्या वेळी मान वर करायची लाज वाटली.

"खांद्याचे वळ दाखवू काय?" तिनं विचारलं.

"नको, वैनी." अर्जुनरावांनी आपली जोडी मागं घेतली आणि पाटलांकडं वळले. "ओळ पुरी हाय. तोरन तोडा."

अस्वल अखेर उठून गेलं असावं, कारण तोरण तुटलं तेव्हा तुळशीराम पोचला. लोणी चाटून गेल्यामुळं ब्रेक आता असे किंचाळत लागले की चार बैल बिथरले. सीट नाही, उभ्यानंच पायडल मारत आलेला, अंगभर चिखल, हँडलला काळे केस. तो अस्वलाचं सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्याला आपली जागा दिसली आणि तिथं उभी असलेली बायको दिसली. सगळे त्याच्या बोलण्याची वाट बघत राहिले. त्यानं सायकल माझ्याकडं दिली, ओळीत शिरला आणि तिच्या बाजूनं, अर्धं पाऊल मागं, घरापर्यंत चालत गेला.

पोळ्याहून आलेल्या बैलाचे पाय दारात धुतात, मगच त्याला पुरणपोळी मिळते. घरची बाई धुते. त्या दिवशी घरची बाई झूल घेऊन उंबऱ्याबाहेर उभी होती आणि आत जायचं नाव घेत नव्हती. अर्धी गल्ली जमली होती. तुळशीराम आत गेला, तांब्या भरून आणला, आणि जे गुडघे गेलेत असं सगळ्या गावाला सांगत फिरायचा ते गुडघे टेकून तिच्यासमोर बसला. त्यानं तिचा एक पाय धुतला, उपरण्यानं पुसला आणि आरतीच्या ताटाकडं हात नेला.

"बैलाले चार असते," अन्नपूर्णाबाई म्हणाली. "मले दोनच हायेत. दुसरा बी धुवा."