कापडावरची माणसं कुणीकडे चालली

"आरं पेंटर, ही मानसं सलोख्याला चाललीत का मारामारीला?" वळ गावचे काका असे ओरडले की धामणकर नाक्यावरच्या सगळ्या रिक्षा जागच्या जागी बंद पडल्या. निदान मला तरी तसंच आठवतं.

शहरात गडबड होऊन गेली होती आणि दोन्हीकडच्या जाणत्यांनी मिळून सलोख्याची पदयात्रा ठरवली होती. बॅनर माझ्याकडे. नारपोलीच्या लूमवरून कापड आलं ते एवढं लांब, की एका टोकाला ब्रश लावून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत माझी दाढी वाढायची. मागच्या रंगावरच आठवडा गेला. भगवा नको, हिरवा नको, निळा पक्षाचा, पांढरा म्हणजे कफन. उरला चॉकलेटी. त्याला मीही मान डोलावली, का ते मला अजून कळलेलं नाही.

मराठी ओळ डावीकडून, उर्दू उजवीकडून. माणसंही मी तशीच काढली. अक्षरं जातील तिकडे पाय. मधोमध दोन्ही जथे नाकाला नाक लावून उभे. काकांचं काही चुकलं नव्हतं.

मग सगळ्यांना उजवीकडे वळवलं. तर लूमवाले चाचा म्हणाले, "पेंटर, हमारे लोग उल्टे पाँव चल रहे हैं. भूत हैं क्या?" डावीकडे वळवलं, तर काका म्हणाले, "आता आमची भुतं झाली." शेवटी माझंच तोंड कुठल्या बाजूला आहे ते हाताने चाचपून बघायची वेळ आली.

खरं तर उर्दू माझं कामच नव्हतं. ते लिहायचा माझा भागीदार, उर्दू अक्षरं काढणारा कातिब. बारा वर्षं एकाच टेबलावर, मी इकडून, तो तिकडून. गडबडीच्या दुपारी मी घाबरून शटर ओढलं आणि तो बाहेर राहिला. समोरच्या पिठाच्या चक्कीत शिरला म्हणून वाचला. त्यानंतर दुकानात त्याचं पाऊल नाही. ही एक गोष्ट मी कधी वाढवून सांगत नाही. बॅनर कसंही होवो, मला तो परत यायला हवा होता.

चाचांनी त्याला उर्दू तपासायला म्हणून आणलं. त्याने कापड या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं, मग उलट पाहिलं. माझ्याकडे नाही.

"समोरून काढ," तो म्हणाला. "बघणाऱ्याकडे येऊ देत सगळी."

काका चाचांकडे बघायला लागले, चाचा काकांकडे. एवढंच होतं तर इतके दिवस आपण भांडलो कशावर, हे दोघांनाही उमजेना.

"मला समोरून नाक जमत नाही," मी म्हणालो. साफ खोटं. सिनेमाच्या पोस्टरांवर मी लाखभर नाकं समोरून काढली असतील, आणि हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्याने चपला काढल्या, बाह्या सारल्या आणि टेबलाच्या त्याच्या बाजूला बसला. मला काय समजावं तेच कळेना. काका-चाचा चहाला गेल्यावर मी हळूच विचारलं, "शटरचं मनात आहे का अजून?"

"आहे," तो म्हणाला. "चार नंबरचा ब्रश दे."