शरणप्पांचं उर्फ

शरणप्पा म्हमाणे यांनी शुक्रवार पेठेतल्या एका दुकानात एकतीस वर्षं कापड फाडलं, आणि कुणाला बोटभरही कमी दिलं नाही. पुढे मालकाच्या मुलाने तिथे मोबाइलचं दुकान काढलं. मोबाइल काही मीटरवर विकत नाहीत, त्यामुळे शरणप्पा घरी बसले. आठ महिन्यांनी सात रस्त्याजवळच्या एका मुलींच्या वसतिगृहाला दारावर माणूस हवा असल्याचं कळलं. तिथल्या बाईंनी त्यांना पाहिलं, पसंतही केलं. "फक्त शनिवारपर्यंत पोलिसांचा दाखला आणा. नाहीतर सोमवारपासून मी दुसरा माणूस घेणार."

मी शेजारी आणि माझं अक्षर बरं, म्हणून ठाण्यात सोबत गेलो.

ठसे घ्यायला भारत नावाचा तरुण हवालदार होता. "बोट सैल सोडा, मामा," तो सारखा सांगत होता. पण शरणप्पांच्या बोटांना पोत बघायची सवय. प्रत्येक बोट कागदाला टेकलं की आपोआप चोळून बघे आणि ठशाचा फराटा होऊन जाई.

"मामा, कागद इकत घ्यायचा न्हाई आपल्याला!"

"हलका हाय पण," शरणप्पा गंभीरपणे म्हणाले.

डावा हात मात्र ते पुढे करेनात. रोज गळ्यातलं इष्टलिंग याच तळहातावर घेऊन त्यांची पूजा होते. भारतनं ते समजून घेतलं आणि नेमकी बोटांच्या टोकांनाच शाई लावली. तळहातावर ठिपकासुद्धा पडू दिला नाही.

मग माहितीचा कागद आला. 'दुसऱ्या नावाने ओळखले जात असल्यास' या रकान्यात मी 'नाही' लिहिणार, तोच शरणप्पा म्हणाले, "हाय की. लिवा, कळ्ळ."

भारत अक्कलकोटचा, कन्नड जाणणारा. त्याच्या हातातला चहा हिंदकळला. "कळ्ळ म्हंजे चोर की हो मामा! चांगल्या वागणुकीचा दाखला मागताय आणि उर्फ चोर लिवताय?"

सगळं ठाणं हसलं. बाकावर आणून बसवलेला एक खिसेकापूही हसला.

शरणप्पा तेवढे हसले नाहीत. "आई म्हनती तसं. माज्या आदी तीन लेकरं गेली तिची. मी जगलो, तवा म्हनली, ह्याला यमाच्या घरातनं चोरून आनलाय. चांगल्या नावानं हाक मारली तर त्याला पत्ता लागंल."

हसणं थांबलं. भारतनं खुर्ची जवळ ओढली. "मामा, उर्फ लिवलं की त्या नावानंबी रेकॉर्ड बघावं लागतं. तुमचं मूळ गाव पलीकडं, कर्नाटकात. तिकडनं उत्तर यायला आठवडा जाईल. त्यापेक्षा खोडा. कोण बघतंय?"

"खोडू या," मीही म्हणालो. "शनिवार तीन दिवसांवर आलाय."

"खाली काय छापलंय ते वाचा."

मी वाचलं. "वरील सर्व माहिती खरी आहे."

"मग ऱ्हाऊ द्या," म्हणून त्यांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी भारत चौकशीला घरी आला. पार्वतम्मा, शरणप्पांची आई, पंच्याऐंशीची. दोन वर्षं खाटेवरच. "ए कळ्ळा, यार बंदार?" तिनं आतून विचारलं. कोण आलंय ते शरणप्पा सांगणार, तोवर गणवेशातला भारत खाटेपाशी पोहोचला आणि त्यानं कन्नडमधूनच विचारलं, "अव्वा, हा कळ्ळ म्हणजे कोण?"

म्हातारीचा चेहरा उतरला. तिनं चाचपडत भारतचं मनगट धरलं आणि कन्नडमध्ये भराभरा बोलू लागली. मला त्यातलं अर्धंच कळलं. चोरी मी केली, ती सांगत होती. हा तेव्हा एवढासा होता, ह्याला काय ठाऊक? न्यायचं तर मला न्या.

भारतनं टोपी काढली. तिचा हात सुटेपर्यंत तो तसाच खाटेच्या कडेला बसून राहिला. "कुणालाबी न्यायला न्हाई आलो, अव्वा," एवढंच तो दोन-तीनदा म्हणाला. बाहेर येऊन त्यानं अहवालात लिहिलं, 'सदर नाव आईने ठेवलेले आहे.' मग पलीकडच्या ठाण्याला स्वतः फोनही लावले. पण सरहद्द ओलांडताना कागद फोनपेक्षा सावकाश चालतो.

दाखला आला पुढच्या बुधवारी. गुन्हा नोंद नाही. तरी आम्ही वसतिगृहात गेलो. दारावरच्या नव्या माणसानं शरणप्पांना अडवून वहीत नाव लिहायला लावलं. काम तो चोख करत होता, तक्रारीला जागा नव्हती. बाईंनी दाखला दोनदा वाचला, मान खाली घातली आणि म्हणाल्या, "जूनमध्ये जागा निघाली तर बघू."

बाहेर पडल्यावर मला राहवलं नाही. "एक शब्द खोडला असता तर आज तुम्ही त्या दारावर असता, शरणप्पा."

"व्हय," ते म्हणाले. "पन तेवढ्यासाटी तिची चोरी मी कशी नाकारू?"

मग रिक्षा न करता चालतच निघाले, भराभर. आईला जेवण भरवायची वेळ झाली होती.