आत्याच्या आशीर्वादाचा चौथा शब्द

माझी आत्या धोंडाबाई गेल्या महिन्यात, मंगळवारी सकाळी, साताऱ्यात मुलाच्या घरी वारली. हृदयविकाराचा झटका आला होता. आतेभावाने पहिला फोन स्पेनला केला, मग आटपाडीला, मग मला. हा क्रम आत्यानेच ठरवून ठेवला होता.

आत्याचे माहेर-सासर दोन्ही आटपाडीकडचे, मेंढरांमागे फिरलेले. नातू संतोष स्पेनमध्ये व्हॅलेन्सियात नोकरीला गेला आणि तिथल्या मार्ताशी त्याने लग्न ठरवले. आत्याच्या सासरी नवी सून उंबऱ्यावर आली की सगळ्यांत थोरली बाई तिला भंडारा लावते आणि चार शब्दांचा आशीर्वाद देते : बोल, खा, जग, ऐक. सून ‘व्हय’ म्हणते, मग आत येते. हे ज्या सुनेला मिळाले नाही, तिला भावकी पाहुणी समजते. मार्ताच्या बाबतीत आत्याच्या थोरल्या दिरांनी तेच ठरवून टाकले. “तिला कळायचं न्हाई. कशाला सोंग? पाव्हनी म्हणून येऊ दे, जाऊ दे.” कुणीतरी सुचवले, संतोष सांगेल तिला अर्थ.

“आशीर्वाद काय निरोप हाय व्हय, दुसऱ्याच्या हाती धाडायला?” आत्या म्हणाली.

पुढच्या आठवड्यात ती साताऱ्यातल्या स्पॅनिशच्या वर्गात जाऊन बसली. शेजारी औद्योगिक वसाहतीतले तरुण अभियंते. आत्याला नीट लिहिता येत नव्हते. तिला सोबत म्हणून मी जात असे. अनघा मॅडमनी वर्तमानकाळ सुरू केला... मी बोलते, मी खाते, मी जगते.

“मी खाते त्ये म्या खातेच की,” आत्या म्हणाली. “तिनं खावं, तिनं जगावं, त्ये शिकव.”

“आजी, ते दुसऱ्या भागात येतं.”

“दुसऱ्या भागापातूर मी हाय का न्हाई, त्ये लिवून दे मग.”

वर्ग हसला. मॅडमनी त्याच दिवशी फळ्यावर रूपे मांडली. ‘आब्लास’ म्हणजे तू बोलतेस, ‘आब्लेस’ म्हणजे तू बोलावंस. ‘कोमेस’ खातेस, ‘कोमास’ खावंस. ‘बीबेस’ जगतेस, ‘बीबास’ जगावंस. नियमित क्रियापदे असतील तर शेवटी ‘आ’ असेल तिथे ‘ए’, ‘ए’ असेल तिथे ‘आ’. आशीर्वाद द्यायचा तर आधी ‘के’ लावायचा.

“म्हंजे ह्या कळपाची घंटा त्या कळपाला, त्याची ह्याला,” आत्या म्हणाली. “एवढंच हाय व्हय!” त्यानंतर ती भाकरी थापताना, रिक्षात, डॉक्टरांच्या दारात मोठ्याने घोकत असे. सूनबाईने लोक बघतात म्हणून सांगितले, तेव्हा आवाज आणखी चढला.

चौथा शब्द राहिला होता. मॅडमनी ‘ऐक’चे रूप सांगायला खडू उचलला. आत्याने थांबवले.

“त्यो नगं. मला सांगितला व्हता. जलमभर ऐकलं. हुकूम चालव, ह्याला काय म्हनत्यात?”

मॅडमनी फळ्यावर लिहिले : मांदेस.

मार्ता आली तेव्हा आटपाडीच्या अंगणात सगळी भावकी होती. आत्याने पितळेची डबी उघडली, भंडारा लावला आणि सावकाश म्हणाली : “के आब्लेस. के कोमास. के बीबास.” मग थोरल्या दिरांकडे पाहून : “के मांदेस.”

मार्ताचे डोळे मोठे झाले. तिने मराठीत उत्तर दिले, “व्हय.” आणि आत आली.

“काय म्हनलीस गं शेवटी?” दिरांनी विचारले.

“तुमी वर्गात या, भावजी. कळंल.”

तेराव्याला, आत्यामागे थोरल्या ठरलेल्या जाऊबाईंनी ती डबी मागितली. घरात शोधाशोध झाली. आत्याने ती मार्ताला परत जातानाच दिली होती, हे संतोषने फोनवर सांगितले.

गेल्या शनिवारी व्हॅलेन्सियात मार्ताच्या धाकट्या बहिणीचे लग्न झाले. संध्याकाळी संतोषकडून फोटो आला. डबी मार्ताच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. झाकण काढलेले आहे. भंडाऱ्यात बोटाची ताजी खूण आहे.