भिसेगावची रूपा आणि सावळगडचे रक्तपे

रूपा आपल्या सासूचं रक्त पिते, असं दोन वर्षांपूर्वी भिसेगावात बोललं जात होतं. मोठ्यानं कुणी बोलत नसे. नळावर हंडा भरेपर्यंत जेवढं बोलून होतं तेवढंच, आणि हंडा भरला की 'जाऊ दे बाई, आपल्याला काय करायचंय' म्हणून तो उचलायचा. ज्यांना काही करायचं नसतं त्यांनाच सगळं माहीत असतं, हे मी जन्मभर बघत आलोय. दर पंधरवड्याला ती सासूला खोपोलीच्या एका मांत्रिकाकडे नेते, अशी त्या बातमीला शेपटीही होती. शेपटी कुणी जोडली ते मला ठाऊक आहे, पण ती बाई अजून मला चहा पाजते, तेव्हा राहू दे.

रूपा म्हणजे किशोरची बायको. किशोर कर्जत-कशेळे रस्त्यावर जीप चालवतो आणि दिवसभराचं बोलणं तिथंच संपवून येतो. घरी फक्त हूं. रूपाचं कर्जत स्टेशनाच्या अलीकडे साड्यांना फॉल-पिको करून द्यायचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक मशीन, एक स्टूल आणि दोरीवर टांगलेल्या परक्या बायकांच्या साड्या. पाय मशीनवर, हात साडीत आणि एका कानात इयरफोन. गिऱ्हाईकांना वाटायचं, बाई गाणी ऐकते.

ती ऐकत होती सावळगडची भांडणं. 'सावळगड' ही मोबाइलवर येणारी चित्रांची गोष्ट. दर शुक्रवारी नवा भाग. एक गड आहे, गडावर मंत्रतंत्र आहे, आणि माणसाचं रक्त पिऊन शेकडो वर्षं जगणारे लोक आहेत. गोष्टीत त्यांना रक्तपे म्हणतात. गोष्ट संपलेली नाही, आणि ती काढणाऱ्यांचा संपवायचा विचारही दिसत नाही. त्यामुळे पुढे काय होणार यावर वाचणाऱ्यांचा एक ग्रुप रात्रंदिवस डोकं फोडत असतो. त्यात कॉलेजची पोरं आहेत, सांगलीचा एक दातांचा डॉक्टर आहे, खोपोलीच्या कारखान्यात पाळीवर जाणारा नवीन नावाचा तरुण आहे आणि भिसेगावची रूपा आहे. तिचे हात कामात, म्हणून ती टाइप करत नसे. बोलूनच पाठवायची. हे ध्यानात ठेवा, पुढचं सगळं रामायण त्या बोलून पाठवण्यानंच झालं.

ग्रुपात तिचा दरारा होता. कुणी म्हणालं, रक्तप्याला घरात शिरायला घरच्या माणसाचं आमंत्रण लागतं. रूपा म्हणाली, "आमच्याकडं दार सकाळी उघडतं ते झोपताना लागतं. 'या' म्हणायच्या आत पावना चुलीपाशी बसलेला असतो. इथं कसलं आमंत्रण?" कुणी म्हणालं, तो लसणीला घाबरतो. रूपा म्हणाली, "मग आमच्या आळीत तो उपाशीच मरंल." तरीही मंत्राला नियम हवा, फुकटची जादू चालणार नाही, यावर ती अडून बसायची. ज्याला काही किंमत द्यावी लागत नाही त्या मंत्राला मंत्र म्हणायचं नाही, असा तिचा कायदा.

त्या पावसाळ्यात वाद चालला होता जाईआजीवरून. जाईआजी म्हणजे गडाचे दरवाजे मंत्रानं बंद ठेवणारी शेवटची म्हातारी. ती दिवसेंदिवस फिकी पडत चालली होती, कुणीतरी तिचं रक्त पीत होतं. सगळा ग्रुप म्हणे, हे रक्तप्यांचा सरदार वीरभान याचं काम, आणि आजीच्या सुनेवर त्यानं भुरळ घातलीय. रूपाचं म्हणणं वेगळंच. आजी स्वतःहून रक्त देतेय, वीरभान माणसात राहावा म्हणून. आणि सून भुरळलेली नाही, तिला सगळं ठाऊक आहे. नवीन तिला चिडवायचा, "ताई, तुमी सुनांचीच बाजू घेणार." ती म्हणायची, "मी घेणार नाय तर कोण घेणार रं?"

आता विहाराकडे चला. आमच्या आळीत बौद्धांची घरं आहेत आणि मध्ये विहार. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास. त्या तीन महिन्यांत रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. वाचणारी रूपा. घरात किशोर ऐकून घेतो पण उत्तर देत नाही, दुकानात बायका साडीच्या काठापलीकडे ऐकत नाहीत; पण त्या चौरंगामागे बसून तिनं पान उघडलं की रडणारी लेकरंसुद्धा गप्प व्हायची. ती जागा तिला जिवापेक्षा प्यारी होती. हे ती कुणाला सांगत नसे. वाचनाच्या दिवशी पांढरी साडी ती ज्या निगुतीनं नेसायची त्यावरून कळायचं.

श्रावणातली गोष्ट. वाचनाआधी वंदना लावायची असते. ती रूपाच्या मोबाइलवर होती आणि मोबाइल विहाराच्या स्पीकरला जोडायचा. वर कर्णा. तिनं जोडला, बोट भलतीकडे पडलं आणि वंदनेऐवजी तिचाच आवाज साऱ्या भिसेगावावर घुमला.

"पौर्णिमेपर्यंत म्हातारी टिकली पायजे. म्हणून रोज थोडं थोडंच प्यायचं, एकदम नाय. सुनेला सगळं म्हाईत हाय. तीच दार उघडून ठेवती."

तिनं झटकन फोन बंद केला, वंदना लावली आणि वाचनही केलं. नेहमीसारखंच केलं. पण ऐकणाऱ्यांच्या कानात शब्द जात नव्हते. सगळ्यांच्या माना पारूबाईंकडे. पारूबाई म्हणजे रूपाची सासू. त्या भिंतीला टेकून, एका कुशीवर कलून बसल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर भिंतीच्या चुन्यात आणि त्यांच्या तोंडात फरक उरला नव्हता.

बस्स. दुसऱ्या दिवशी नळावर ज्याला त्याला काहीतरी आठवू लागलं. पारूबाई आषाढापासून फिक्या पडल्यात. घास घेत नाहीत. जिना चढताना दम लागतो. सुनंदा नळासमोर राहते. तिनं तर पहाटे रूपाला बादलीत मीठ घालून लाल डागांची फडकी धुताना डोळ्यांनी बघितलं होतं. सुनंदा बघितलेलं पोटात ठेवणाऱ्यांतली नव्हे. ती तडक कशेळ्याच्या जीपमध्ये बसली, तिकडच्या वाडीतल्या नागू भगताला विचारायला. आता भगताकडे जाणं आमच्यात बसत नाही, म्हणून घरी सांगितलं की बहिणीकडे चालले. आणि जीप कुणाची? किशोरची. नागू भगतानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, म्हातारीला डॉक्टरला दाखवा. सुनंदा नाराज होऊन परतली. एवढ्या लांब जाऊन हे ऐकायचं होतं तर कर्जतमध्ये काय वाईट होतं?

विहार कमिटीचे अध्यक्ष कमळाकर. सरकारी नोकरीतून निवृत्त झाले, पण सही करायची सवय निवृत्त झाली नाही. तो आवाज मोबाइलवरच्या कसल्याशा रक्तप्यांच्या ग्रुपातला होता, हे एव्हाना त्यांच्या कानावर आलं होतं. त्यांनी एका संध्याकाळी वाचन संपल्यावर सगळ्यांना थांबवलं आणि रूपाला उभं केलं.

"रूपा, तू प्रतिज्ञा घेतल्यात ना गं?"

"घेतल्यात."

"मग भुतंखेतं, रक्त पिणारे, मंत्रतंत्र, हे काय चालवलंयस? ते प्रतिज्ञेत बसतं का?"

"कितव्या प्रतिज्ञेत बसत नाय ते सांगा, काका."

विहारात सगळ्यांची बोटं मांडीवर हलू लागली. बावीस प्रतिज्ञा मनातल्या मनात म्हणणारे चेहरे बघण्यासारखे होते. कुणाला भूत सापडेना. शेवटी कमळाकर म्हणाले, "बाविसावी. बुद्धाच्या शिकवणीप्रमाणं वागीन. त्यात सगळं आलं."

"मग तुमच्या नव्या गाडीखाली टांगलेली काळी बाहुली पण त्यातच आली."

मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं. मीच.

कमळाकर तापले. पण माणूस म्हणून ते वाईट नाहीत, घाबरट आहेत, आणि अध्यक्षाला घाबरलेलं दिसून चालत नाही. त्यांनी दोन अटी घातल्या. रूपानं तो ग्रुप सगळ्यांसमोर सोडावा. आणि पारूबाईंना काय झालंय, ती फडकी कसली, खोपोलीला कुणाकडे नेतेस, याचा खुलासा करावा. नाहीतर उद्यापासून वाचन जगदीश करील. जगदीश त्यांचा पुतण्या.

रूपानं पदर खोचला. "गोष्ट ती गोष्ट, काका. रक्तपे नसतात हे मला तुमच्यापेक्षा चांगलं म्हाईत हाय. मी त्यांच्याबद्दल रोज बोलते. तुमी कधी बोलत नाय, म्हणून तुमाला भ्या वाटतं. ग्रुप मी सोडणार नाय."

"आणि पारूबाई?"

"आईंचं अंग आईंचं हाय. त्याचा खुलासा मी विहारात करणार नाय, आन घरातपण कुणापुढं करणार नाय. जागा पायजे तर घ्या."

पारूबाई उठायला लागल्या. काहीतरी बोलायचं त्यांच्या ओठांवर आलं होतं, मला माझ्या जागेवरून दिसत होतं. रूपानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना बसवलं. मग तिनं ग्रंथ कपड्यात गुंडाळला, जगदीशच्या हातात दिला आणि सासूला धरून घरी गेली.

घरी जे झालं ते पारूबाईंनीच मला पुढे सांगितलं. त्या म्हणाल्या, लोक तुला खाऊन टाकतायत, मी सांगून मोकळी होते. रूपा म्हणाली, तुम्हाला सांगावंसं वाटलं तर सांगा, माझ्यासाठी म्हणून सांगू नका. पारूबाईंना सांगावंसं वाटत नव्हतं. त्या रात्रभर रडल्या आणि सकाळी रूपानं दिलेल्या बिटाच्या कोशिंबिरीवरून तिच्याशी भांडल्या.

जगदीश वाचू लागला. पोरगा चांगला, पण वाचायचा असा, की जणू पुढची गाडी कोणत्या फलाटावर येतेय हेच सांगतोय. रूपा रोज यायची. पांढरी साडी नेसून पहिल्या रांगेत, त्याच्या अगदी समोर बसायची. लोकांना वाटलं होतं ती तोंड लपवील. ती जगदीशचं चुकलं की खालच्या आवाजात शब्द पुरवायची, आणि तो बिचारा "हो वैनी" म्हणून दुरुस्त करायचा. अर्ध्या तासात त्याच्या कपाळावर घाम.

भादव्यात पारूबाईंना विहारापर्यंत चालवेना. मग रूपानं आपल्या ओटीवर वाचन सुरू केलं, सासूसाठी. विहारातलं सुटलं की इथलं सुरू. कर्णा नाही, चौरंग नाही. पारूबाई गोधडीवर कुशीला वळलेल्या आणि रूपा उंबऱ्यावर. पहिल्या दिवशी ऐकायला पारूबाई आणि मी. मी तर शेजारी, मला कोण अडवणार? मग आळीतलीच वनिता आली, भाजी निवडायची आहे म्हणाली. मग भाजी निवडणाऱ्या वाढल्या. नंतर एकदा सुनंदाही आली, तिनं भाजीसुद्धा आणली नव्हती.

आणि शुक्रवारी वाचन आटोपून ग्रंथ आत ठेवला, की रूपा ओटीवरच बसून सावळगडात या आठवड्यात काय झालं ते सांगायची. लपून नाही, चांगलं खणखणीत. वीरभान आजीच्या दारात येऊन उभा राहतो तो भाग तिनं सांगितला तेव्हा कमळाकर रस्त्यानं चालले होते. त्यांची चप्पल तुटली. निदान ते तसं म्हणाले. चप्पल दुरुस्त होईपर्यंत गोष्ट संपली, आणि ते चप्पल पायात घालून नीट चालत गेले.

आता तुम्हाला वाटेल, जाईआजीबद्दल रूपाचंच खरं निघालं. अजिबात नाही. आश्विनात जो भाग आला त्यात आजीचं रक्त पिणारा गडावरचा कारभारी निघाला, आणि सून खरोखरच भुरळलेली निघाली. ग्रुपनं तिची अशी खेचली की विचारू नका. नवीननं तर खोपोलीहून येऊन दुकानात पेढे दिले. रूपानं पेढा खाल्ला आणि मग सगळ्या ग्रुपला बोलून पाठवलं, "चुकलंय. माझं नाय, काढणाऱ्यांचं. एवढ्या भागांत सून शहाणी दाखवली आन शेवटी भुरळली म्हणायचं? सुनेला सगळं म्हाईत होतं. ते काढायची त्यांच्यात धमक नाय." ती आजही तेच म्हणते. गोष्ट चालू आहे, आणि तिला वाटतं काढणारे कधीतरी शुद्धीवर येतील.

आश्विन पौर्णिमेला वर्षावासाची सांगता. शेवटचं प्रकरण वाचायला जगदीश बसलाच नाही. तो ग्रंथ घेऊन पहिल्या रांगेत आला आणि रूपासमोर धरून म्हणाला, "वैनी, मला नाय जमत. काकांना तुमी सांगा नायतर मी सांगतो." कमळाकर खिडकीतून बाहेर बघत होते. बाहेर काही नव्हतं.

रूपानं ग्रंथ घेतला नाही. आधी कमळाकरांना विचारलं, "काका, अटी हायत का गेल्या?"

ते खिडकीकडे बघतच म्हणाले, "वाच."

"ते नाय विचारलं."

"गेल्या म्हण."

मग ती चौरंगामागे गेली. तेव्हापासून वाचन तिच्याकडेच आहे. ग्रुप तिनं सोडलेला नाही, खुलासा केलेला नाही, आणि आता वंदना लावताना मोबाइल मुद्दाम हळू जोडते, त्या वेळी साऱ्या विहाराचे कान टवकारतात.

खुलासा पारूबाईंनी केला, त्या दिवाळीनंतर, ऑपरेशन झाल्यावर आणि स्वतःच्या मर्जीनं. त्यांनीच मला लिहायला सांगितलं. त्यांना मूळव्याध होती. रक्त फार जात होतं, म्हणून त्या फिक्या पडल्या होत्या. फडकी त्यांचीच. पुरुष डॉक्टरला दाखवायची त्यांना लाज वाटत होती. खोपोलीला बाई डॉक्टर होत्या, तिथं रूपा त्यांना नेत असे.