डाळीच्या डब्यातली तीन काडतुसं

ती घटना विसरले असते तर म्हातारपणी मला झोप तरी बरी लागली असती. पण ज्या केसमध्ये आपण स्वतःच गाढव ठरलो, ती केस वार-तारखेसकट ध्यानात राहते. नावं मी कुणाची घेणार नाही, ठाण्याचंही नाही. आदिलाबाद जिल्ह्यातलं एक ठाणं, एवढं पुरे. नवं राज्य होऊन थोडी वर्षं झाली होती, एक निवडणूक नुकतीच उरकली होती आणि मी त्या ठाण्याची सर्कल इन्स्पेक्टर होते.

तेव्हाची मी तुम्ही पाहायला हवी होती. वय पन्नाशीचं, तोरा पंचविशीचा. ठाण्यात शिरतानाही गॉगल काढत नसे. एकदा त्यापायी उंबऱ्याला अडखळले आणि तक्रार द्यायला आलेल्या माणसाच्याच अंगावर पडले. बिचारा घाबरून तक्रार न देताच निघून गेला. मी उठले, गॉगल नीट केला आणि हवालदाराला विचारलं, "काय तक्रार होती त्याची?"

असो. एका सकाळी एसपी ऑफिसातून तातडीचा कागद आला. आमच्या हद्दीतल्या एका गावातली, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातली पंचावन्न वर्षांची बाई आखातातल्या एका देशात अटकेत होती. तिची लेक तिथे नवऱ्याजवळ राहत होती, पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. बाळंतपण करायला बाई जन्मात पहिल्यांदा विमानात बसली. उतरल्यावर तिच्या सामानातली तूरडाळीची पिशवी तपासणीत उघडली गेली आणि डाळीतून बारा बोअर बंदुकीची तीन जिवंत काडतुसं निघाली. इथल्या तपासणीतून ती कशी सुटली हे मला आजतागायत कळलेलं नाही. तिथे सुटली नाहीत. त्या देशात असा दारूगोळा आणणं म्हणजे काही वर्षांची कैद.

वकिलातीमार्फत तीन प्रश्न आले होते. काडतुसं कुणाची, ती या बाईच्या सामानात कशी आली, आणि बाईचा पूर्वेतिहास काय. कोर्टाची तारीख दहा दिवसांवर होती. त्याआधी पोलिसांचा स्पष्ट अहवाल पोचला तर चूक म्हणून बाईला सोडण्याचा विचार होणार होता. नाही पोचला तर खटला.

खरं तर हे अर्ध्या दिवसाचं काम. बाईच्या नवऱ्याकडे पीक संरक्षणासाठी बंदुकीचा परवाना होता. आमच्याकडे रानडुकरं एका रात्रीत अख्खा मळा उकरून टाकतात, म्हणून असे परवाने पुष्कळांकडे असतात. निवडणुकीआधी सगळ्या परवानाधारकांनी बंदुका ठाण्यात जमा करायच्या असतात, तशी त्याचीही बंदूक आमच्या मालखान्यात पडून होती. रजिस्टर उघडायचं, नवऱ्याला बोलवायचं, विचारायचं, लिहायचं.

पण मला अर्ध्या दिवसाचं काम नको होतं. आखात, काडतुसं, डाळीत लपवलेली! मला टोळी हवी होती. मनातल्या मनात मी पत्रकार परिषदेला कुठली साडी नेसायची तेही ठरवून टाकलं होतं. युनिफॉर्मवर साडी नेसत नाहीत हे नंतर आठवलं.

टोळी हवी म्हटल्यावर खबर मिळायला कितीसा वेळ? इचोड्याला नागपूर रस्त्यावरच्या एका ढाब्यावर बसणारा माझा एक खबरी होता. त्याला बोलावलं, खुर्ची दिली, चहा दिला.

"मॅडम, बाईचा भाऊ ट्रक चालवते," तो म्हणाला. "नागपूर, हैदराबाद, कुठं कुठं जाते. काय आणते, काय नेते, कोन पाह्यलं?"

"म्हणजे काडतुसं आणतो?"

"मी कुठं म्हनलं? तुमीच समजून घ्या ना."

खबरी माणसाचं एक असतं. समोरच्याला काय ऐकायचंय ते त्याला चेहऱ्यावरून कळतं आणि तेवढंच तो देतो. माझ्या चेहऱ्यावर तर ते ठळक अक्षरांत लिहिलेलं असणार. मी ट्रकवाल्या भावाला उचललं. दोन दिवस ठाण्यात बसवलं, ट्रकची फळी न् फळी तपासली. कापसाच्या गाठींची ताडपत्री आणि देवाचा फोटो, याखेरीज काही निघालं नाही. तो शेवटी रडकुंडीला येऊन म्हणाला, "बाई, माही बहीण तिकडं कोठडीत हाय अन् तुमी मले इकडं बसवलं. तिच्यासाठी कोन धावाव?" मी म्हणाले, "नाटकं नकोत."

चार दिवस असे गेले.

मग नवऱ्याकडे वळले. साठीचा, वाळका, कष्टाळू माणूस. हात मातीने चिरलेले. खुर्चीवर बस म्हटलं तरी भिंतीला टेकून खालीच बसला. चौकशीत मी टेबलाच्या या बाजूला आणि बाजूला उभे आमचे रायटर, म्हणजे ठाण्याचं सगळं लेखन सांभाळणारे हेड कॉन्स्टेबल. मूळचे तेलुगू, पण तीस वर्षांच्या नोकरीत मराठी पक्की झालेली.

"काडतुसं कुणाची?"

"माहीच हायेत."

"डाळीत कशी गेली?"

"मीच ठेवली होती डब्यात. ओल लागली का काडतूस फुसकं जाते. म्हनून फडक्यात बांधून डाळीच्या डब्यात बुडाशी ठेवली. घरच्या मानसाले नाई सांगतलं."

"आणि बायकोने?"

"तिनं लेकीसाठी डबा पिशवीत उलटा केला. आमच्या हरेक डब्यात खडेमिठाची पुरचुंडी असते, डाळीले कीड लागू नये म्हनून. तिच्या हाताले कडक लागलं. तिले वाटलं, मिठाची हाय, राहू दे, तिकडं बी डाळ टिकन. अन् वरून पिशवी शिवून टाकली."

आज हे लिहिताना वाटतं, याहून खरं माणूस काय बोलणार? आमच्या भागातल्या कुठल्याही घरात डाळीचा डबा उघडा, तळाशी ती पुरचुंडी सापडतेच. माझ्या स्वतःच्या घरात होती. पण मी टेबलावर हात आपटला.

"गोष्टी सांगू नका! बंदूक ठाण्यात जमा, मग काडतुसं घरात का? दोन्ही जमा करायची असतात, माहीत नाही? लपवली का?"

इथे तो माणूस गप्प झाला. तोवर सरळ उत्तरं देत होता. या प्रश्नाला एकदम मान खाली. मी तिरपं विचारलं, उलटं विचारलं, बायकोचं नाव घेऊन विचारलं. हूं की चूं नाही. आणि मी मनात म्हटलं, सापडला! वीस-पंचवीस वर्षांच्या नोकरीत मी एक गोष्ट शिकले होते: नेमक्या प्रश्नाला माणूस गप्प झाला, तर तिथेच गुन्हा असतो. शिकलेलं बरोबर होतं. फक्त गुन्हा कुणाचा, ते पाहायचं राहिलं होतं.

दोन दिवस मी त्याला रोज बोलावलं. तो रोज पायी यायचा, भिंतीला टेकून बसायचा आणि त्या प्रश्नाला गप्प व्हायचा. दहातले सहा दिवस संपले. सहाव्या दिवशी मी म्हणाले, "ठीक आहे. मी लिहिते की काडतुसं बेकायदा लपवून ठेवली होती आणि मालक कारण सांगत नाही. मग तुमची बायको काही परत येत नाही."

तो भिंतीपासून उठून टेबलाजवळ आला. मग सदऱ्याच्या आतून प्लॅस्टिकची पिशवी काढली. आधारकार्ड, परवान्याचं पुस्तक आणि एक घडी घातलेली पावती. पावती त्याने टेबलाच्या कडेवर ठेवली आणि बोटाने हळूच माझ्याकडे सरकवली.

आमच्याच ठाण्याची, बंदूक जमा केल्याची पावती. बंदुकीचा नंबर बरोबर. खाली काडतुसांचा रकाना, त्यात 'तीन' लिहिलेलं आणि त्या 'तीन'वर वरपासून खालपर्यंत आडवीतिडवी काट. काटेच्या बाजूला सही. ऐटबाज, शेपूट काढलेली, खाली दोन टिंबं दिलेली. माझी.

मग सगळं आठवलं. बंदुका जमा करायचा शेवटचा दिवस होता. रांग गेटापर्यंत. काडतुसं घ्यायची म्हणजे मोजायची, वेगळी सील करायची, पंचांच्या सह्या घ्यायच्या. दुपारच्या आत यादी पूर्ण झाली असं एसपी साहेबांना कळवायची मला घाई. मी बाहेर येऊन ओरडले होते, "फक्त बंदुका! छर्रे, काडतुसं आपापल्या घरी!" याने काडतुसं समोर धरली होती. "बाई, हे बी घ्या ना, घरी ठेवली तं गुन्हा होईन," असं काहीसं म्हणाला होता. मी पावतीवर काट मारून त्याला हाकललं होतं.

"हे आधी का नाही दाखवलं?" मी विचारलं.

"तुमाले काऊन दाखवाव बाई?" तो म्हणाला. "तुमीच तं मारली काट. तुमच्याच तोंडावर तुमची चूक सांगतली असती तं तुमी माह्या बायकोले सोडवलं असतं का?"

मी रायटरकडे वळले. "तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून, मॅडम. पावती मीच लिहिली होती."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी पावतीची घडी पुन्हा घातली. "मॅडम, तुम्ही खबऱ्याला खुर्ची दिली. मला उभं ठेवलं. कुणाचं ऐकायचं ते तुमचं ठरलेलं होतं."

आता वाचकांना वाटेल, इन्स्पेक्टरबाईचे डोळे उघडले, तिने खरं लिहून टाकलं. तेवढी मी भली असते तर हे लिहायची वेळच आली नसती.

त्या दुपारी मी अहवालाचा मसुदा पुढे घेऊन बसले. वरिष्ठांना फोन केला. ते म्हणाले, "काडतुसं त्याने ठाण्यात आणलीच नव्हती असं म्हणता येईल ना? काट म्हणजे काहीही असू शकतं." मी ते केलं नाही, एवढीच माझी फुशारकी. पण जे केलं तेही काही शोभेचं नव्हतं. मी लिहिलं: काडतुसं परवान्यावरची आहेत, बाईला ती डब्यात असल्याची कल्पना नव्हती, आणि 'तोंडी सूचनेप्रमाणे' ती घरी ठेवली होती. सूचना कुणाची, ते लिहिलं नाही. चतुराई! खोटंही नाही आणि माझं नावही नाही. सही करताना दोन टिंबं मात्र विसरले नाही.

अहवाल वेळेत पोचला. तारखेला कोर्टाने एकच गोष्ट विचारली. सूचना कुणी दिली? अधिकृत होती की नवऱ्याने बनवून सांगितली? पोलिसांना माहीत असेल तर ते लिहीत का नाहीत? संशय वाढला. खुलासा मागवला आणि पुढची तारीख पडली, पाच आठवड्यांनंतरची. त्या पाच आठवड्यांत लेक बाळंत झाली. पोट फाडावं लागलं. घरात बाईमाणूस कोणी नाही. जावई कामावर, शेजारीण येऊन-जाऊन. त्याच शहरात, काही मैलांवर, आई कोठडीत. कुणी तिला सांगितलंही नाही. तिला कळलं आठ दिवसांनी.

हे सगळं मला तिच्या भावाने सांगितलं. त्याच ट्रकवाल्याने. ठाण्याच्या दारात उभा राहून, आत न येता.

त्या दिवशी मी दुसरा कागद लिहिला. कैफियत म्हणा, कबुली म्हणा. सूचना मी दिली, काट मी मारली, सही माझी, पावतीची नक्कल सोबत. रायटरना खुर्चीवर बसवलं आणि एक-एक वाक्य वाचून दाखवलं. एके ठिकाणी ते म्हणाले, "इथे 'गडबडीत' लिहिलंय. ते काढा, मॅडम. गडबड नव्हती, आपल्याला एसपी साहेबांना लवकर यादी कळवायची होती." काढलं.

त्या कागदावर बाई सुटली. पण शिक्षेशिवाय नाही. देशातून रवानगी, आणि पुन्हा तिथे पाय ठेवायचा नाही. एकंदर पावणेतीन महिने. लेकीला, नातवंडाला न भेटता तिला कोठडीतूनच विमानतळावर नेलं. माझ्या सेवापुस्तकात ठपका लागला. त्याचं दुःख मी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं ते नव्हतंच.

ती परतल्यावर मी त्यांच्या घरी गेले. बंदूक परत न्या, असं सांगायचं निमित्त काढून. अंगावर साधे कपडे. नवरा मळ्यातून आला आणि म्हणाला, "राहू द्या तुमच्याचपाशी. डुकरं खातीन तं खातीन." आणि परत निघून गेला. बाई ओसरीवर मेथी निवडत बसली होती. खूप वाळली होती. मला बसायला पाट दिला, पाणी दिलं. आमच्याकडे दारात आलेल्याला पाणी देतातच, त्यात मला काही खास नव्हतं.

मी माफी मागितली. तिने ऐकून घेतलं, मेथी निवडत. मग म्हणाली:

"तिकडं एक पोलीस बाई होती. रोज यायची, रोज काई तरी विचारायची. मले तिची भाषा नोती येत, तिले माही. मी नुसती रडायची. ती बिचारी बी शेवटी डोकं धरून बसायची." एक काडी तिने बाजूला टाकली. "पन तुमाले तं आमची भाषा येते ना, बाई? ह्यांनी तुमाले पह्यल्याच दिवशी सांगतलं ना, पुरचुंडीचं?"

"सांगितलं."

"मंग?"

मी पाणी संपवलं आणि पाट उचलून भिंतीला लावला. आता निवृत्त होऊन मी नातवंडांना गोष्टी सांगायच्या वयाला आले. या केसने मला काय शिकवलं, असं विचारणारे पुष्कळ भेटतात. नोकरीच्या उरलेल्या दिवसांत मी एक सवय लावून घेतली. चौकशीत समोरचा माणूस एखाद्या प्रश्नाला गप्प झाला की मी आवाज चढवायचं सोडलं. आधी खोलीतून सगळ्यांना बाहेर काढायचे आणि विचारायचे, "यात माझं काही आहे का?" पुष्कळदा नसायचं. दोनदा होतं. त्या दोन माणसांनी ते सांगितलं, आणि ते ऐकताना मला जे वाटलं त्याला मी शहाणपण म्हणणार नाही. आपल्यामुळे एखादी आई आपल्या बाळंतीण लेकीपासून काही मैलांवर बसून राहिली, हे ज्याला माहीत आहे, त्याला ऐकण्याची भीती वाटते. भीत भीत का होईना, मी ऐकलं.