अक्षय्य तृतीयेआधीचा पॅनकेक

आखातात, अल खोरला कंपनीच्या घरात मला आयुष्यातला पहिला ओव्हन मिळाला आणि मी बिघडले. नव्वदचं दशक संपत आलेलं, माझी चाळिशी उलटलेली. बिघडायला वय तसं उशिराचंच, पण ती कसर मी भरून काढली.

शेजारच्या बाईंनी एक प्रकार शिकवला होता. छोटं लोखंडी भांडं ओव्हनमध्ये तापवायचं, त्यात लोणी, फळाच्या फोडी आणि वरून एक अंडं, मैदा, दूध घुसळून ओतायचं. पॅनकेक टम्म फुगून भांड्याबाहेर डोकं काढतो आणि बाहेरची हवा लागली की बसतो. बरोबर एका माणसापुरता. कुणाला वाढावा लागत नाही, हा त्याचा मोठा गुण.

त्या वर्षी सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या होत्या. सासरे जाऊन सहा महिने झाले होते. आमच्या घरात अक्षय्य तृतीयेला गेलेल्यांच्या पानावर आंबा ठेवल्याशिवाय कुणी तो चाखत नाही, आणि सासऱ्यांचं हे पहिलंच पान. ह्यांनी सुट्टीच्या दिवशी दोह्याला, अल मन्सूराच्या दुकानात जाऊन सहा हापूस आणले. सासूबाई रोज खोकं उघडून एकेक हुंगून परत ठेवायच्या.

आदल्या दिवशी दुपारी त्या झोपल्या आणि मी खोकं उघडलं. एक आंबा अगदी तयार होता. उद्यापर्यंत उतरेल, वाया जाईल, असं मला वाटलं. चोराला शास्त्र सुचतं ते असं. पॅनकेक काय सुरेख फुगला! मी तो ओट्याशी उभ्यानंच, भांड्यातूनच खाल्ला आणि जीभ भाजून घेतली.

"अगं, कसला वास येतोय?" सासूबाई उठून आल्या. मग खोक्यात डोकावल्या. "आणि एक आंबा कुठे गेला?"

"नासला होता आई. टाकून दिला."

"बरं केलंस. एक नासका बाकीच्यांनाही नासवतो."

दुसऱ्या दिवशी पान मांडलं. सासूबाईंनी पहिला आंबा चिरला. आत साका, पांढरा चामट गर. दुसऱ्यातही तेच. पाचही तसेच निघाले तेव्हा त्यांनी सुरी खाली ठेवली.

"त्यांना माझा राग आलाय," त्या म्हणाल्या. "वर्षही झालं नाही आणि मी घराला कुलूप घालून इकडे निघून आले."

"आई, पेट्या उन्हात तापतात," हे म्हणाले. "आंब्याला काय कळतंय?"

"आंब्याला नाही कळत. त्यांना कळतं. यंदा मी आंबा खाणार नाही."

माझ्या जिभेवर फोड तसाच होता. एक वाक्य पुरलं असतं: सहावा चांगला होता, कुणी तुमच्यावर रागावलेलं नाही, त्यांचा वाटा तुमच्या सुनेनं खाल्ला. जीभ उचलली आणि मी काय म्हणावं?

"आई, केळ्याचं शिकरण करते. वेलदोडा घालू का?"

सासऱ्यांच्या पानावर शिकरण गेलं.

पुढे जूनमध्ये बाजारात दुसरे आंबे आले. सासूबाई आम्हाला फोडी करून द्यायच्या आणि हात धुऊन टाकायच्या, बोटसुद्धा चाटायच्या नाहीत. मी खात होते. दोनदा मागून घेतल्या फोडी.

नंतर त्या परत गेल्या. पुढच्या तृतीयेला त्यांचा फोन आला. "आंबा छान निघाला गं. राग गेला त्यांचा." मी म्हटलं, "हो ना आई." वर्षभर त्यांनी ते मनात बाळगलं होतं. त्यानंतरही सांगायला बरीच वर्षं मिळाली मला. सांगितलं नाही.

आता तृतीयेला मी त्यांचंही पान मांडते. आंब्याला सुरी लावताना दर वर्षी वाटतं, यंदा साका निघणार. निघायलाच हवा. पण आंबा गोड निघतो, आणि तेच मला जास्त लागतं.